नभोवाणी आणि आमचे एक असत्य

खरे बोलावे, हा धडा आम्ही छत्तीस वर्षे शाळेत शिकविला. त्या अवधीत आम्ही स्वतः जी असत्ये बोललो, त्यांपैकी बहुतेकांचा आम्हांस आता विसर पडला आहे. किरकोळ असत्यांच्या अंगी तेवढा एक गुण असतो. परंतु एक असत्य मात्र काही केल्या विसरता येत नाही. ते अवघ्या चार शब्दांचे होते : "ऐकले, दादा; छान झाले." दादा म्हणजे आमचे तीर्थरूप, आणि जे ऐकल्याचे आम्ही सांगितले, ते आमच्या गावच्या नभोवाणी केंद्रावरून झालेले त्यांचे भाषण होय. त्या केंद्राची पूर्वपीठिका कळल्यावाचून आमच्या अपराधाचे माप वाचकांच्या ध्यानी येणार नाही. म्हणून आधी तिकडेच वळतो.

आमचे गाव औरंगाबाद. २०२३ पासून त्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात. पण ज्या काळाची ही हकिकत आहे, त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेले नावच येथे ठेविले आहे. गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु निजामाच्या राज्यातही नभोवाणी होती, आणि १९३५ पासून ती सरकारच्या ताब्यात होती, हे फारसे कोणी ध्यानात ठेवीत नाही. तिचे मुख्य केंद्र हैदराबादेस. आणि दुसरे, लहानसे, आमच्या औरंगाबादेस. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारताच्या वाट्यास ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली व लखनौ. संस्थानांची आणखी पाच होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद आणि औरंगाबाद. म्हणजे साऱ्या देशात केंद्रे अकरा, आणि त्यांतील एक आमच्या गावी! नागपूरचे केंद्र १९४८ च्या जुलैत निघाले आणि पुण्याचे १९५३ च्या ऑक्टोबरात. आमच्या पुणेकर स्नेह्यांस ही वस्तुस्थिती आम्ही अधूनमधून, शक्य तितक्या नम्रपणे, सांगत असतो.

मात्र या मानाचा आनंद आमच्या घरात कोणासही नव्हता, आणि त्यास कारण होते. निजामी राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी. परंतु सरकारदरबारची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. दादांस उर्दूचे वावडे मुळीच नव्हते. वली आणि सिराज हे दोघे थोर कवी आमच्याच गावचे, हे ते अभिमानाने सांगत. बाजारात त्यांची उर्दू ऐकून कोणी त्यांस पंतोजी म्हणून ओळखले नसते. त्यांचे भांडण भाषेशी नव्हते, ती लादणाऱ्या सत्तेशी होते. १९३८ साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली, तेव्हा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि शेकडोंची नावे पटावरून काढण्यात आली. नागपूर विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांस आश्रय दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. आमचे दादाही त्याच लोंढ्यात नागपुरास गेले. तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. शिक्षण पुरे करून ते परत आले, ते मनात एक गाठ मारूनच.

आम्ही औरंगपुऱ्यातील एका वाड्यात भाड्याने राहत असू. त्याच वाड्यात खाली एक वकील राहत, आणि त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. गच्चीवर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तार ताणलेली, आणि दुसरी तार विहिरीजवळच्या ओल्या मातीत पुरलेली. कळ फिरविल्यानंतर आतील दिवे तापेपर्यंत थांबावे लागे. मग तबकडी उजळे आणि हळूहळू आवाज येई. रात्री तेथे मुंबईच्या बातम्या ऐकावयास माणसे जमत, त्यांत दादाही असत. परंतु वकिलांनी काटा औरंगाबाद केंद्राकडे वळविला की दादा उठून जात. त्या केंद्रावर उर्दूबरोबर मराठीसही काही वेळ मिळे. गाणारी व बोलणारी माणसे आपल्याच गावातील, क्वचित ओळखीचीही असत. तरी दादा थांबत नसत. हे सर्व आमच्या जन्मापूर्वीचे. आम्ही ते घरातील वडीलमाणसांच्या तोंडून ऐकलेले आहे.

पुढे १९४८ चा सप्टेंबर उजाडला. १३ तारखेस भारताच्या फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि पाच दिवसांत कारभार आटोपला. औरंगाबाद तर पहिल्या काही दिवसांतच मोकळे झाले होते. १७ तारखेच्या सायंकाळी वकिलांच्या ओटीवर पाय ठेवावयास जागा नव्हती. निजामाने शस्त्रे खाली ठेविल्याची घोषणा हैदराबादच्या नभोवाणीवरून झाली. आणि ज्या आवाजापुढून दादा दहा वर्षे उठून जात आले, तोच आवाज त्या दिवशी त्यांनी उभे राहून शेवटपर्यंत ऐकला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आपण जो १७ सप्टेंबर पाळतो, तो हाच.

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओच्या स्वाधीन झाली. आता केंद्र आपले, सरकार आपले, आणि भाषेवरही कोणाचा पहारा नाही. दादांनी काटकसर करून जुना का होईना, पण एक रेडिओ घरात आणला. आणि काय सांगावे! थोड्याच वर्षांत ते केंद्र बंद झाले. मोठ्या शक्तीची मोजकी केंद्रे उभारून अधिक प्रदेशास आवाज पोहोचवावा, असे तेव्हाचे धोरण होते. ते अगदीच चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु परसत्तेने दिलेला आवाज स्वराज्यात गेला, ही गोष्ट दादांच्या मनास फार लागली. "ते केंद्र निजामाचे होते तेव्हा आपण कान झाकले," ते म्हणत, "आणि आपले झाले तेव्हा कान उघडेपर्यंत ते उरले नाही."

नंतरची वीस-बावीस वर्षे आमच्या घरी मुंबई, पुणे, हैदराबाद आणि सिलोन ऐकू येत असे. औरंगाबाद तेवढे येत नसे. आमच्या लहानपणी आम्हांस ही उणीव जाणवली नाही. लहान केंद्राचा उपयोग काय, हे आम्हांस पुढे उमगले. मोठे केंद्र सर्वांशी बोलते, म्हणून त्यास गुलमंडीचे किंवा पैठण गेटचे नाव घेण्याचे कारण पडत नाही. आमच्या मोंढ्यातील ज्वारीचा भाव, वेरुळच्या वाटेवरील एखाद्या खेड्यातील टंचाई, फुलंब्रीच्या एखाद्या शाळामास्तरांचा गौरव, या गोष्टी मुंबईहून कोण सांगणार? १९९३ साली अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील माणूस रेडिओस कान लावून बसला होता तो गावांची नावे ऐकण्यासाठी. २००६ च्या पावसाळ्यात जायकवाडीचे पाणी सोडल्याने पैठणमध्ये पूर आला, तेव्हाही तेच. आपल्या गावाचे नाव उच्चारणारा आवाज संकटात माणसास प्रथम हवा असतो.

मराठवाड्यास स्वतःचे नवे केंद्र मिळाले ते १९६८ साली, परभणीस; आणि पुढे १९७० च्या दशकात औरंगाबादेसही पुन्हा केंद्र आले. 'आकाशवाणी' हे नाव एव्हाना देशभर रूढ झाले होते. जालना रस्त्यावर केंद्राची इमारत उभी राहिली, आणि तेथील चौकास लोक आपोआप आकाशवाणी चौक म्हणू लागले. केंद्राची शक्ती बेताची, अवघी एक किलोवॅट. आणि लहर मध्यम, १५२१ किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारे १९७ मीटर लांबीची. या मध्यम लहरींची रीत मोठी मनोरंजक आहे. ध्वनीच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमीअधिक केली जाते; म्हणून दूर कोठे वीज कडाडली की तिचाही ठसा त्या उंचीवर उमटतो आणि आपणांस खरखर ऐकू येते. दिवसा या लहरी जमिनीच्या आधाराने जातात आणि लहान केंद्राच्या लहरी काही कोसांतच थकतात. वातावरणाच्या वरच्या भागातील एक थर दिवसा त्यांस शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, आणि त्याहून वरचे थर लहरींस परत पृथ्वीकडे पाठवितात. त्यामुळे रात्री शेकडो कोसांवरची बलाढ्य केंद्रे आपल्या घरात येतात आणि शेजारच्या लहान केंद्राचा आवाज त्यांच्या गलबल्यात बुडू लागतो. हा सगळा तपशील आम्ही तेव्हा अभ्यासून ठेविला होता. तो आम्हांस कोणत्या कामी आला, ते आता सांगतो.

१९८८ साली मुक्तिसंग्रामास चाळीस वर्षे पुरी झाली. त्या निमित्ताने सप्टेंबरात केंद्रावरून दादांचे दहा मिनिटांचे भाषण ठरले. दादा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. पत्र आल्यापासून त्यांस दुसरा विषय सुचेना. कागद लिहावे, खोडावे, पुन्हा लिहावे. आईस समोर बसवून सेकंदाचा काटा पाहत वाचून दाखवावे. आणि एक मिनिट अधिक झाले की कोणते वाक्य गाळावे याची चिंता करीत बसावे. आम्ही तेव्हा जालन्यास शिक्षक होतो आणि तेथेच बिऱ्हाड करून होतो. दादांनी पत्राने तारीख-वेळ कळविली, आणि खाली लिहिले : "सायंकाळची वेळ आहे. जालन्यास आवाज क्षीण येईल, तरी तार बांधून ऐकावे."

तार आम्ही बांधली. इतके पुण्य आमच्या पदरी नक्की आहे. परंतु त्याच सायंकाळी एका सहकाऱ्यांकडे पत्त्यांचा डाव बसला. अजून वेळ आहे, अजून वेळ आहे, असे म्हणता म्हणता घड्याळाकडे पाहिले तो भाषण संपून पाऊण तास लोटला होता. आमच्या कुटुंबास त्या वेळी मुलाच्या तापामुळे रेडिओकडे पाहावयास सवड नव्हती. घरी येऊन आम्ही रेडिओ लावला, तेव्हा १५२१ वर कोणत्या तरी परमुलुखातील आवाज आणि खरखर यांखेरीज काही नव्हते.

पुढच्या रविवारी एस.टी.ने औरंगाबादेस गेलो. दादा ओसरीवरच बसले होते. त्यांनी विचारले, "ऐकलेस का रे?" आणि आम्ही ते चार शब्द बोललो. इतक्यावर थांबलो असतो तरी बरे; परंतु असत्यास पुरावा जोडण्याची विद्वानांस खोड असते. "खरखर होती थोडी," आम्ही म्हणालो, "रात्री लांबची केंद्रे आड येतात ना! पण शब्द न् शब्द कळला." दादा क्षणभर थांबून म्हणाले, "आणि शेवट कसा वाटला?" "उत्तम," आम्ही म्हणालो. दादांनी "बरे" म्हटले आणि मुलाच्या तापाची चौकशी केली.

१९९१ साली दादा गेले. त्यांच्या कागदपत्रांत आम्हांस भाषणाचा मसुदा सापडला. त्यात १९३८ चे वसतिगृह होते, नागपूर होते, वकिलांचा रेडिओ होता, आणि शेवटी १७ सप्टेंबरची घोषणा. मसुदा वाचून आम्हांस हायसे वाटले. जे ऐकावयाचे राहिले ते वाचावयास मिळाले; देणे फिटले, अशी आम्ही मनाची समजूत घातली.

त्यानंतर सात वर्षांनी, १९९८ च्या १७ सप्टेंबरास, म्हणजे मुक्तिसंग्रामाच्या पन्नासाव्या वर्षी, आम्ही व आई सकाळी रेडिओ ऐकत बसलो होतो. कार्यक्रम त्याच विषयावर चालला होता. आई वाती वळीत होती. मध्येच ती म्हणाली, "ह्यांनी त्या भाषणात शेवटी सासूबाईंचे सांगितले, तसे कोणी सांगत नाही रे."

आम्ही चपापलो. मसुद्यात आजीचे नावसुद्धा नव्हते. आम्ही विचारले, "काय सांगितले?"

"असे काय करतोस? तू ऐकलेसच की," आई म्हणाली, आणि तरीही, म्हातारपणी जुनी गोष्ट पुन्हा सांगण्याचा जो आनंद असतो त्या आनंदाने, सांगू लागली. १९४७ च्या चातुर्मासातील गोष्ट. निजामाच्या औरंगाबाद केंद्रावर मराठीची वेळ लागली आणि त्यात अभंग असले की आजी खाली जाऊन वकिलांच्या दाराबाहेर पायरीवर बसत असे. तिला वाचता येत नव्हते. गुडघे धरल्याने देवळाची वाटही बंद झाली होती. दिवसाकाठी तेवढेच काय ते तिच्या कानी पडे. एके दिवशी दादा बाहेरून आले, त्यांनी तिला तेथे पाहिले, आणि ओटीवरच्या चार माणसांदेखत म्हणाले, "ज्यांनी मला शाळेबाहेर काढले, त्यांच्या पेटीतला अभंगसुद्धा आपल्या घराला नको." आजी काही बोलली नाही. पदर सावरून उठली आणि जिना चढून वर आली. त्यानंतर ती कधी त्या पायरीवर बसली नाही. १९४९ च्या माघात ती वारली. केंद्र आपले झाले ते त्यानंतर वर्षभराने.

"हे सगळे ह्यांनी आदल्या रात्री लिहिले," आई म्हणाली, "आधीचे दोन परिच्छेद गाळून. तो कागद तिकडेच दिला. शेवटी म्हणाले, अभंग निजामाचा नव्हता, माझ्या आईचा होता, हे मला तेव्हा कळावयास हवे होते. एवढे बोलून थांबले बघ."

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस दहा वर्षांचा हिशेब एकदम कळला. आम्ही ऐकले आहे असे सर्वांस वाटत होते, म्हणूनच कोणी आम्हांस काही सांगितले नव्हते. खरे बोललो असतो तर दादांनीच त्या रविवारी ओसरीवर बसून सर्व सांगितले असते. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात आम्ही आईपुढे कबुली दिली, "आई, मी ते भाषण ऐकले नव्हते."

आईचा हात थांबला नाही. "त्यांना ठाऊक होते," ती म्हणाली. "शेवट उत्तम, म्हणालास, आजीबद्दल एक अक्षर विचारले नाहीस. तू गेल्यावर म्हणाले, पोराने ऐकलेले दिसत नाही. मी म्हटले, मग सांगायचे होते. तर म्हणाले, असू दे. पुन्हा कधी लावतील तेव्हा ऐकेल."

ते भाषण पुन्हा लागले असेल तर आमच्या कानी आले नाही. नभोवाणीचा शब्द हवेत गेला की गेला. ऐकणाऱ्याच्या मनाखेरीज त्यास घर नाही. आमच्या दादांच्या त्या दोन मिनिटांचे घर आईच्या मनात होते. आणि आता आई नसल्यामुळे ते या कागदावर उतरवीत आहोत.

अलीकडे देशभर मध्यम लहरींची लहान केंद्रे मागे पडत चालली आहेत. तेच कार्यक्रम एफ.एम.वर आणि मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये खरखरीवाचून ऐकू येतात. जालन्याच्या मास्तरास तार बांधण्याचे कारण उरलेले नाही. याबद्दल आम्ही खेद करणार नाही. आमची काळजी वेगळी आहे. औरंगाबादचे केंद्र एकदा आम्ही अभिमानाने ऐकले नाही, आणि दुसऱ्यांदा आळसाने. पहिल्या खेपेस निदान कारण तरी होते. तिसऱ्या खेपेस, केंद्र खिशात असताना, सवड नाही म्हणून ते ऐकले जाणार नाही, अशी चिन्हे आमच्याच घरात आम्ही पाहतो. आणि ज्या केंद्रास ऐकणारे नाहीत, ते बंद करावयास कोणत्याही सरकारास फार विचार करावा लागत नाही.

म्हणून आम्ही नियम केला आहे. सायंकाळी आकाशवाणी छत्रपती संभाजीनगर लावावयाचे. आणि कोणी ओळखीचे बोलणार असेल तर ते भाषण शेवटपर्यंत ऐकावयाचे. गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेतीवर भाषण झाले. त्यातील निम्मे आम्हांस कळले नाही. दुसऱ्या दिवशी त्याला दूरध्वनी करून तसे सांगितले. तो हसला आणि जे कळले नव्हते ते त्याने अर्धा तास समजावून दिले.